एका दिवसाच्या दोन तिथी

कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूस पिढ्यान् पिढ्या राहिलेले बेने इस्रायल लोक घरी मराठी बोलत, तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. यहुदी धर्मात मृताचा वार्षिक स्मरणदिन हिब्रू तिथीने पाळावयाचा असतो. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र इंग्रजी तारीख असते. हे रूपांतर आता संगणक करतो.

हिब्रू वर्ष आपल्याप्रमाणेच चांद्र महिन्यांचे असून अधिक मास घालून ते सूर्याशी जुळविलेले असते. १९ वर्षांत असे ७ मास येतात. आपला अधिक मास जागा बदलतो. २०२३ साली तो श्रावणात आला. यहुद्यांचा अधिक मास नेहमी अदार महिन्याचाच. मध्यम चांद्रमास २९ दिवस, १२ तास आणि तासाच्या १०८० भागांपैकी ७९३ भाग एवढा धरलेला आहे. नववर्ष रविवारी, बुधवारी वा शुक्रवारी येऊ लागले, तर ते पुढे ढकलतात. सारेच ठराविक अंकगणित. आकाशाकडे पाहावे लागत नाही.

१९९० साली डर्शोविट्झ व राइनगोल्ड या संगणकशास्त्रज्ञांनी अशा रूपांतराची पद्धत एका लेखात मांडली. प्रत्येक तारीख प्रथम दिवसांच्या एकाच अखंड मोजणीत बसवावयाची. त्या मोजणीत इसवी सन १ मधील १ जानेवारी हा पहिला दिवस. मग त्या संख्येवरून हव्या त्या पंचांगातील तारीख काढावयाची. हिब्रू ५७८४ हे वर्ष १६ सप्टेंबर २०२३ रोजी लागले व ५७८५ हे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. वजाबाकी केली की अधिक मासाचे वर्ष ३८३ दिवसांचे भरते.

खरी अडचण निराळीच आहे. हिब्रू दिवस सूर्यास्ताने पालटतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी मृत्यू झाला असेल, तर तिश्री महिन्याची तिथी १. रात्री आठ वाजता झाला असेल, तर २. दाखल्यावर वेळ नसेल, तर संगणक काय करणार? शिवाय स्थळही हवे. विषुवदिनाच्या सुमारास बंगळूरच्या मल्लेश्वरमात सूर्य मुंबईच्या सुमारे १९ मिनिटे आधी मावळतो. तेवढा वेळ एकाच घटकेला दोन शहरांत दोन तिथी असतात.

अदारमध्ये मृत्यू झालेल्यांचे काय? पुढे दोन अदार असलेले वर्ष आले, की स्मरणदिन पहिल्या अदारात धरावा की दुसऱ्या, याविषयी यहुदी समाजांत भिन्न रूढी आहेत. तेथे आज्ञावलीने दोन्ही तारखा दाखवाव्यात, निवड कुटुंबाची.