मेणबत्ती घेताना मेणाबरोबर वातही पाहा

बाजारातल्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या मेणाच्या असतात. मधमाश्यांचे किंवा सोयाबीन तेलाचे मेण हे नैसर्गिक पर्याय. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि सावकाश जळते. मात्र कोणतीही मेणबत्ती हवा शुद्ध करत नाही. ज्योत आली की सूक्ष्म कण आलेच. काजळी वाढते ती मुख्यतः लांब वातीमुळे आणि वाऱ्याच्या झोतामुळे. म्हणून सुती वातीची, बिनवासाची मेणबत्ती निवडा. ‘सोया’ मेणात पॅराफिनही मिसळलेले असू शकते, तेव्हा लेबल नीट वाचा. वात ५-६ मिलिमीटरच ठेवा, मेणबत्ती पंख्यापासून दूर लावा आणि विझवल्यावर खिडकी उघडा. घरात कुणाला दमा असेल, तर विजेचा दिवाच लावावा.