‘मानापमाना’चे माहेर

माझे घर दौंडला, नोकरी शिरूरच्या महाविद्यालयात. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात खाडिलकरांचे ‘मानापमान’ चालले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हे नाटक पहिल्यांदा झाले ते थिएटर अजून आहे का?”

इतकी वर्षे नाटक शिकवीत आलो, पण उत्तर माझ्यापाशी नव्हते. लाज वाटली. पुढच्याच रविवारी दौंडला गाडीत बसलो आणि मुंबई गाठली.

ग्रँट रोडजवळच्या एका वस्तीला लोक ‘पिला हाऊस’ म्हणतात. मूळ शब्द ‘प्ले हाऊस’. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत येथे नाटकगृहांची रांगच होती. त्यांतलेच एक रिपन थिएटर, १८८० च्या सुमाराचे. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग केला तो येथेच. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली होती. तरी त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही. वर्गात हे सांगताना माझा गळा दरवेळी दाटून येतो.

पुढे १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’. नाटक मंडळी म्हणजे केवढे बिऱ्हाड! त्यांचे जेवणखाण, मुक्काम, पडदे, पेट्या, रेल्वेचे भाडे. बोलपट आपला डब्यात बसून येई आणि एका दिवसात अनेक खेळ करी. रिपनचे ‘आल्फ्रेड’ झाले; नटांच्या जागी पांढरा पडदा आला. खुद्द बालगंधर्वच १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त उतरले, तेथे थिएटरवाल्याला काय बोल लावावा?

वाचकहो, मी रागावून गेलो होतो. समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो, आणि राग ओसरला. हाताने रंगविलेल्या फलकांचे हे चित्रपटगृह. हमाल-मजुरांनी थोडक्या पैशांत जुने चित्रपट पाहावेत, घटकाभर पाठ टेकावी, अशी ही जागा. त्यांच्या तिकिटांनीच ते छप्पर टिकले. नुसत्या आमच्या हळहळीने एक वीटही टिकली नसती.

सोमवारी वर्गात सांगितले, “थिएटर आहे. फक्त नाव बदलले आणि काम बदलले.”

ती मुलगी म्हणाली, “म्हणजे लग्न झालेल्या बाईसारखेच की, सर!”

वर्ग हसला. मी मात्र पुस्तकाच्या समासात तिचे वाक्य लिहून ठेवले.