मांजर लिटर बॉक्स सोडून गादीवर सू करतंय? फोनच्या मदतीने खरं कारण असं शोधा

घरात लिटर बॉक्स आहे, त्यात महागाचं लिटर आहे, तरी मांजर गादीवर, सोफ्यावर नाहीतर नेमकं लॅपटॉपच्या बॅगेवर सू करतं. मग घरात रोजची कटकट सुरू होते. दोन-चार गाद्या खराब झाल्या की कोणीतरी म्हणतंच, "जाऊ दे, दूर कुठेतरी सोडून ये त्याला." पाळलेली मांजरं रस्त्यावर येण्याचं हे एक मोठं कारण आहे.

पण मांजर हे सूड म्हणून करत नाही. कुठेतरी काहीतरी बिघडलंय, याचा तो एरर मेसेज असतो. आपल्याला फक्त तो वाचता यायला हवा. त्यासाठी लागणारं बरंचसं सामान तुमच्या खिशातच आहे. चला तर, एकेक स्टेप बघू.

सगळ्यात आधी: ही इमर्जन्सी तर नाही ना?

बोका असेल तर हा भाग नीट वाचा. नर मांजराची मूत्रनलिका खूप अरुंद असते. लघवीतले बारीक खडे किंवा चिकट गाठ तिथे अडकली की लघवी पूर्ण बंद होते. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो.

लक्षणं अशी:

- पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाणं, जोर लावणं, पण थेंबभरच किंवा काहीच न येणं
- लघवी करताना ओरडणं, ती जागा सतत चाटणं
- लघवीत रक्त
- खाणं बंद, उलटी, एका जागी गुमसुम पडून राहणं

बरेच जण याला बद्धकोष्ठता समजतात आणि उद्या बघू म्हणतात. उद्या बघू नका. ३० सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. दवाखान्यात गेल्यावर मांजर घाबरून शांत बसतं, तेव्हा तो व्हिडिओच डॉक्टरांना खरी परिस्थिती दाखवतो. नागपुरात सेमिनरी हिल्स भागात १९५८ पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याशिवाय खासगी डॉक्टरही आहेत. रात्री कोण उघडं असतं, ते आजच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि एक, आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. तिचं विघटन करण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एक गोळीही जिवावर बेतू शकते.

स्टेप १: सू आहे की स्प्रे?

हे दोन वेगळे बग आहेत. मांजर खाली बसून गादी, फरशी अशा आडव्या जागी भरपूर लघवी करत असेल तर बॉक्स, तब्येत किंवा ताण यातलं काहीतरी बिघडलंय. उभं राहून, शेपटी थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी पिचकारी मारत असेल तर तो स्प्रे. म्हणजे 'ही जागा माझी' असा बोर्ड लावणं. स्प्रेवर सगळ्यात चांगला उपाय नसबंदी. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं स्प्रे मारणं थांबतं किंवा खूप कमी होतं.

फरक कळत नसेल तर जुना फोन कामाला लावा. त्यावर सीसीटीव्हीसारखं चालणारं कॅमेरा ॲप टाका, मोशन डिटेक्शन ऑन करा आणि फोन बॉक्सच्या दिशेने ठेवा. दोन गोष्टी सांभाळा. ॲपला मजबूत पासवर्ड द्या, नाहीतर तुमच्या बेडरूमचे प्रेक्षक वाढतील. आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांत फोन दिवसभर चार्जिंगला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते.

स्टेप २: सात दिवसांचा लॉग

कोडमध्ये बग आला की आपण आधी लॉग बघतो. इथेही तेच. गूगल शीटमध्ये पाच कॉलम करा: तारीख-वेळ, जागा, किती (थेंब की तळं), बॉक्समधल्या गोळ्यांची संख्या, त्या दिवशी घरात काय वेगळं झालं.

गोळ्या का मोजायच्या? गोळे होणाऱ्या लिटरमध्ये बेंटोनाइट माती असते. ती पाणी शोषून फुगते आणि प्रत्येक लघवीचा एक गोळा बनतो. म्हणजे ही फुकटातली मोजणी आहे. निरोगी मोठं मांजर साधारण दिवसातून दोन ते चार वेळा लघवी करतं. खूप छोट्या-छोट्या गोळ्या दिसल्या तर मूत्राशयाचा त्रास असू शकतो. खूप मोठ्या आणि जास्त दिसल्या, त्यात मांजर वयस्क असेल, तर किडनी किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्या.

शेवटचा कॉलम कंटाळा न करता भरा. पाहुणे, नवीन मांजर, घराचं रंगकाम, खिडकीबाहेर बसणारा परका बोका, दिवाळीचे फटाके, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा गोंगाट, सगळं लिहा. तरुण मांजरांच्या मूत्राशयाला इन्फेक्शन नसतानाही सूज येऊ शकते आणि ताण हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

स्टेप ३: यूव्ही टॉर्च खरा, फोनचा जुगाड खोटा

मांजर वासाने जागा ओळखतं. जुना डाग राहिला की ते पुन्हा तिथेच जातं. मांजराची वाळलेली लघवी यूव्ही प्रकाशात फिकट पिवळसर-हिरवी चमकते. त्यामुळे रात्री लाइट बंद करून यूव्ही टॉर्च फिरवली की लपलेले डाग सापडतात.

फोनच्या फ्लॅशवर चिकटपट्टी लावून निळ्या-जांभळ्या मार्करने रंगवायचं, की झाली यूव्ही टॉर्च, असे रील तुम्ही बघितले असतील. हे चालत नाही. फ्लॅशचा पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. त्यातून यूव्ही जवळजवळ निघतच नाही. मार्कर फक्त बाकीचे रंग अडवतो, नसलेला प्रकाश तयार करत नाही. ३६५ ते ३९५ नॅनोमीटर लिहिलेली साधी टॉर्च घ्या. ती डोळ्यांत मारू नका. डिटर्जंटमुळे कपडेही निळसर चमकतात, तेव्हा दिसलेला प्रत्येक डाग लघवीचाच असेल असं नाही. वास घेऊन खात्री करा.

स्टेप ४: फिनाईल नको

आपल्याकडे वास आला की फिनाईल ओततात. पण फिनॉलसारखी रसायनं मांजरासाठी विषारी असतात. पंजाला लागतात आणि चाटताना पोटात जातात. अमोनियाचा क्लीनरही नको, त्याचा वास लघवीसारखाच येतो. आणि लघवीवर ब्लीच टाकलं तर विषारी वायू तयार होऊ शकतो.

साबणाने वरवरची घाण निघते, पण लघवीतलं युरिक ॲसिड पाण्यात फारसं विरघळत नाही. दमट हवेत वास परत येतो तो म्हणूनच. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर वापरा. लघवी आतपर्यंत जिथे मुरली असेल तिथवर तो पोचला पाहिजे, म्हणून गादी चांगली भिजवा, बाटलीवर लिहिलाय तितका वेळ थांबा आणि आपोआप वाळू द्या.

स्टेप ५: बॉक्सची सेटिंग तपासा

- संख्या: मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त. तेही वेगवेगळ्या ठिकाणी, एकाशेजारी एक नाही.
- आकार: मांजराच्या लांबीच्या दीडपट. बाजारातले बरेच बॉक्स यापेक्षा छोटे असतात. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापला तरी मस्त चालतो.
- लिटर: बारीक, बिनवासाचं, साधारण दोन इंच. लॅव्हेंडरचा सुगंध आपल्यासाठी असतो, मांजरासाठी नाही.
- सफाई: रोज गोळे काढा, ठरावीक दिवसांनी सगळं लिटर बदलून बॉक्स साध्या साबणाने धुवा.
- जागा: शांत आणि खाण्यापासून दूर.

नागपूरकरांनी उन्हाळ्यात जागा पुन्हा बघावी. हिवाळ्यात बाल्कनीत ठेवलेला बॉक्स मे महिन्यात तव्यासारखा तापतो, मांजर त्यात पाय ठेवेल काऊन? कूलरसमोर ठेवला तर आवाजाने ते बिचकतं आणि ओलसर हवेने लिटर चिकट होतं.

पाण्याकडेही लक्ष द्या. कोरड्या खाद्यात पाणी साधारण १० टक्के असतं, ओल्या खाद्यात ७५ टक्क्यांच्या वर. उन्हाळ्यात ओलं खाद्य वाढवा आणि पाण्याची दोन-तीन भांडी ठेवा. लघवी पातळ राहिली की मूत्राशयाला त्रास कमी होतो.

स्मार्ट लिटर बॉक्स घ्यावा का?

त्यात वजनकाट्यासारखे लोड सेल असतात. मांजर आत आलं की वजन वाढतं, बाहेर गेलं की उरलेलं वजन म्हणजे लघवी किंवा शी. ॲप किती वेळा, किती वेळ हे दाखवतं. दोन-तीन मांजरं असतील तर हा डेटा खरंच कामाचा आहे. हौस असेल तर लोड सेल, एचएक्स७११ मॉड्यूल आणि ईएसपी३२ बोर्ड घेऊन घरीही काटा बनवता येतो. पण बॉक्स छोटा किंवा आवाज करणारा असेल तर मांजर त्यात जाणारच नाही, मग डेटा कुठून येणार? शिवाय 'आज १२ वेळा गेलं' असं नोटिफिकेशन आलं तर ते स्वाइप करू नका, वरची लक्षणं तपासा.

ही ॲप्स डिलीट करा

'अल्ट्रासॉनिक कॅट रिपेलर' छाप ॲप्स कामाची नाहीत. मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचे आवाज ऐकू येतात. फोनचा ऑडिओ सहसा ४८ किलोहर्ट्झने सॅम्पल होतो, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त २४ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज निघू शकतो, आणि फोनचा छोटा स्पीकर तिथवरही धड पोचत नाही. जो काही कर्कश आवाज येतो त्याने मांजर घाबरतं आणि त्रास वाढतो. ओरडणं, मारणं, नाक डागावर घासणं याचाही परिणाम हाच. त्यातून मांजर एकच शिकतं, की तुमच्यासमोर सू करायची नाही. मग ते पलंगाखाली करतं.

कुठून सुरुवात करायची?

आज: डॉक्टरचा नंबर सेव्ह करा, शीट बनवा आणि एक जास्तीचा बॉक्स ठेवा. या आठवड्यात: डाग शोधून एन्झाइम क्लीनरने साफ करा आणि एकदा लघवीची तपासणी करून घ्या. त्यानंतर एका वेळी एकच बदल करा आणि त्याला आठवडाभर द्या. लिटर, जागा आणि खाद्य एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

आणि घरी कोणी मांजर सोडून यायचं म्हणालं, तर त्यांच्यासमोर ही शीट उघडा. कारण सापडलं की बहुतेक घरांत हा प्रश्न आटोक्यात येतो.