आबांची फियाट: रिस्टोअर करायची, पण कोणत्या वर्षाची?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की लोकलमध्ये नीट ऐकू आलं नाही, लिहून टाक. तर हा घ्या तोच एपिसोड, मधले "अं" आणि "म्हणजे कसं आहे ना" काढून.

आमच्या साताऱ्याच्या घरी, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये एक फियाट ११०० डिलाइट १९ वर्षं उभी होती. आजोबांची, म्हणजे आबांची. घरातली दंतकथा अशी की आबांनी ती मुंबईच्या शोरूममधून कोरी करकरीत आणली, आकाशी निळी, बॉनेटवर झेंडूचा हार. बाबा तेव्हा सात वर्षांचे होते. मागच्या वर्षी ते रिटायर झाले आणि म्हणाले, "गाडी होती तशी करून दे." मी म्हटलं, त्यात काय! मी रोज दुसऱ्यांचा जुना कोड दुरुस्त करतो, ही तर नुसती गाडी.

"होती तशी" म्हणजे नक्की कशी, यावरच पुढचे चार महिने गेले.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या जुळवण्यापासून झाली, मग फियाटशी करार झाला. ती गोलमटोल "डुक्कर फियाट", जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, ती पन्नाशीच्या दशकातली. १९६४ मध्ये डिलाइट आली. १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. म्हणजे मुंबईची काळीपिवळी पद्मिनी आणि आमची डिलाइट एकाच आईच्या लेकी. तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, तोच स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्ये संपलं, आपण मात्र ते विसावं शतक संपेपर्यंत बनवत बसलो.

रिस्टोअर करणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदान आहे आणि सापळाही. वरदान यासाठी, की पद्मिनीचे बरेचसे पार्ट डिलाइटला बसतात. टॅक्सी भंगारात निघायच्या तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काय हवं ते मिळायचं. आता तो झराही आटत चाललाय. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये रजिस्टर झाली होती, आणि टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. सापळा यासाठी, की पार्ट बसला म्हणजे तो त्या वर्षाचा असतोच असं नाही. ग्रिल, डॅशबोर्ड, आतलं कापड, सगळं हळूहळू बदलत गेलंय. तुम्ही प्रेमाने ६८ ची गाडी दुरुस्त करता आणि शेवटी हातात ८५ ची टॅक्सी येते.

मी पहिली चूक तिथेच केली. एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी आतली सगळी हँडलं "खराब झाली होती" म्हणून मला न विचारता भंगारात दिली आणि नवी चकचकीत लावली. वर सल्ला दिला, "इंजिन कशाला उघडताय, मारुतीचं टाकून देतो, मख्खन चालेल." मी गाडी टोइंग करून परत आणली. तेव्हापासून नियम: काढलेला प्रत्येक नट डब्यात, डब्यावर चिठ्ठी, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. तुटका पार्टसुद्धा ठेवायचा, कारण नवा बनवायचा तर नमुना तोच.

इंजिन बदलण्यात आणखी एक गोची आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्याने नोंदणी केली तर नंबरात "व्हीए" येतं आणि फी २०,००० रुपये. पण गाडी आधीच रजिस्टर असेल तर जुना नंबर राखता येतो. आमच्यासाठी तो नंबर महत्त्वाचा. या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला न्यायला मात्र बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

आता मिस्त्रीकाकांकडे येऊ. दुसरे मिस्त्री, वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी चावी हातातसुद्धा घेतली नाही. "१९ वर्षं झोपलेल्या माणसाला दचकवून उठवतात का?" असं म्हणत चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस घरी गेले. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. अशात सेल्फ मारला तर रिंग तुटते, सिलिंडरवर चरे पडतात. तिसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आम्ही तिघांनी ती पुढे-मागे हलवली. दहा मिनिटं काही नाही. मग एकदम "कच्" असा आवाज आला आणि इंजिन फिरलं. बाबांनी रुमाल काढला, घाम पुसायला असं म्हणाले.

तरीही काकांनी इंजिन चालू केलं नाही. आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि चाकातले छोटे सिलिंडर आतून गंजतात. धावणारी पण न थांबणारी गाडी काय कामाची? मग टाकी उतरवली. जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. रबरी पाइप सगळे बदलले, तेही इथेनॉल सोसणारे, कारण आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या रबराला खातं. हे ज्यांच्याकडे जुनी यझदी किंवा लॅम्ब्रेटा आहे त्यांनीही लक्षात ठेवा.

आणि मग रंग. काकांनी सांगितलं, "रंग ठरवायच्या आधी गाडीला विचार." दारावर रुपयाएवढ्या जागेत वॉटर पेपर घासला. कांद्याच्या चकतीसारखी कडी दिसायला लागली. वरचा निळा, त्याखाली अस्तर, त्याखाली... राखाडी. डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या रबराखालीसुद्धा राखाडीच. रंग बदलताना माणूस तिथे हात घालत नाही, म्हणून मूळ रंग तिथे टिकतो.

मी आबांच्या ट्रंकेतून आरसी बुक काढलं. तेव्हा ते खरंच पुस्तक असायचं, शिक्के आणि शाईचं. पहिलं रजिस्ट्रेशन १९६८, मुंबई, रंग ग्रे. मालक भलतेच. पुढच्या पानावर १९७५ मध्ये आबांच्या नावावर ट्रान्सफर, आणि त्याच महिन्यात रंग बदलल्याची नोंद: ब्लू. चॅसी नंबर घासून पाहिला, जुळला.

म्हणजे आबांनी गाडी सेकंडहँड घेतली होती, मुंबईतच रंगवून घेतली आणि हार घालून घरी आणली. नंबर मुंबईचा होता हे आम्ही सगळे आयुष्यभर बघत होतो. कुणी विचारलंच नाही. नव्या गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे सेकंडहँड घेण्यात कमीपणा काहीच नव्हता. तरी बाबांना कसं सांगायचं याची मी दोन दिवस तालीम केली.

त्यांनी ती पानं चष्मा लावून दोनदा वाचली. "मग आता राखाडी करायची?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा. ६८ ची करायची तर राखाडी. ७५ ची करायची तर निळी. दोन्ही खरी आहेत, फक्त मिसळायची नाहीत." प्रोग्रामर मंडळींना कळेल: कोणत्या कमिटवर परत जायचं ते आधी ठरवा, मग हात लावा.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "राखाडी त्या माणसाची. निळी आबांनी केली."

म्हणून निळी. निळ्याची नोंद आरसीत आहेच, त्यामुळे कागदाशी भांडण नाही. दारावरच्या निळ्यावरूनच शेड जुळवून घेतली, आणि डिकीच्या आत तळहाताएवढी जागा न रंगवता सोडली. तिथे तिन्ही थर दिसतात.

गाडी आता चालू होते. गार असताना चोक ओढावा लागतो, आणि काकांनी मला पॉइंट साफ करायला शिकवलंय. राहिलीत ती फक्त आतली चार हँडलं. पद्मिनीची बसतात, पण मला डिलाइटचीच हवीत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या काकांच्या डब्यात पडली असतील तर मेसेज करा. तुटकी असली तरी चालतील.