दिवे लागतात, मग बॅटरी ठीक?

जुनी अ‍ॅम्बॅसेडर किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक्’ करते, पण दिवे लागतात, हॉर्न वाजतो. म्हणून बॅटरी ठणठणीत आणि स्टार्टरच गेला, असे सहज मानले जाते. हा तर्क अपुरा आहे. दोन्ही हेडलाइटना मिळून दहाएक अँपिअर पुरतात, तर इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला शंभराहून अधिक लागतात. चोंदलेल्या नळाखाली तांब्या भरतो, पंप लावला की धार तुटते. म्हणून व्होल्टेज मोजायचा तो स्टार्टर लावतानाच. एरवी 12.6 दाखवणारी बॅटरी तेव्हा 9.6 च्या खाली घसरली, तर आधी संशय तिच्यावर. घसरलीच नाही, तर टर्मिनलवरची भुकटी, सोलेनॉइड (स्टार्टरकडे मोठा प्रवाह सोडणारा विद्युतचुंबकी स्विच) आणि इंजिन गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी तपासावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने प्रवाहाच्या परतीची मुख्य वाट ही पट्टीच, आणि नेमके तिच्याकडेच कुणी पाहत नाही.

जंपर केबलने दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताच गाडी सुरू झाली, मग दोष बॅटरीचाच ना? तसे असेलच असे नाही. केबलचा काळा चिमटा थेट इंजिनाला लावला असेल, तर प्रवाह खराब पट्टी टाळून परततो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यात मीटर लावून स्टार्टर द्यावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास नवी बॅटरी घेण्याआधी पट्टीची दोन्ही टोके घासून घट्ट करावीत.