‘अनुभूत’ शब्दाचें मोल : भायखळा व उंडेरा येथील दोन औषधपरीक्षा

(१) वैद्यकाचीं जुनीं बाडें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस एक शब्द पानोपानीं भेटत असेल. तो शब्द ‘अनुभूत’ हा होय. एखादा काढा, लेप किंवा मात्रा लिहून झाली कीं लेखक शेवटीं ‘अनुभूत असे’ एवढें लिहून मोकळा होतो. असलीं बाडें छापतांना कित्येक संपादक या एका शब्दावर भिस्त ठेवून ‘सिद्ध झालेले योग’ असें शीर्षक देतात. परंतु औषध कोणीं दिलें, किती जणांस दिलें, त्यांपैकीं किती बरे झाले, किती दगावले, आणि ज्यांनीं तें घेतलेंच नाहीं त्यांचें काय झालें, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर बाडांत सांपडत नाहीं. सनदेवरील शिक्का, तारीख व मोर्तब तपासल्यावांचून तिजवर विश्वास न ठेवणाऱ्या मंडळींनीं औषधाच्या बाबतींत एका शब्दावर संतुष्ट व्हावें, हें विसंगत आहे.

हल्लीं ज्यास ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणतात, व ज्यास आम्ही प्रस्तुत लेखांत ‘औषधपरीक्षा’ म्हणूं, ती म्हणजे या प्रश्नांचीं उत्तरें आधीं ठरवून, मोजून व लिहून ठेवण्याची पद्धति होय. तिचें स्वरूप समजण्यास प्लेगाच्या काळांतील दोन नोंदी फार उपयोगी आहेत. एक मुंबईची आहे व दुसरी बडोद्याजवळची. दोहोंचेही आकडे त्याच काळीं छापले गेले असल्यामुळें वाचकांस प्रमाणाची पारख स्वतः करतां येईल.

(२) प्रथम शास्त्रार्थ थोडक्यांत सांगतों. चरकसंहितेनें आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ति अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. औषध दिलें आणि रोगी बरा झाला, हें प्रत्यक्ष खरें. पण औषधामुळें बरा झाला, हें अनुमान होय. त्यास नुसता अन्वय पुरत नाहीं, व्यतिरेकही लागतो. औषध होतें तेथें गुण आला, व औषध नव्हतें तेथें आला नाहीं, असें दोन्ही बाजूंनीं दाखवावें लागतें. नाहीं तर तो काकतालीय न्याय होतो.

व्यतिरेक दाखविल्यावरही एक शंका उरते. तिला नैयायिकांनीं ‘उपाधि’ असें नांव दिलें आहे. अग्नि आहे तेथें धूर असतोच असें नाहीं. धूर ओल्या सर्पणामुळें येतो. औषध घेणारे व न घेणारे यांच्यांत औषधाखेरीज आणखी भेद असेल, जसें कीं घेणारे सशक्त व न घेणारे दुबळे असतील, तर गुण औषधाचा कीं त्या भेदाचा, हें सांगतां येत नाहीं. औषधपरीक्षेचा सारा इतिहास म्हणजे हा उपाधि दूर करण्याचा प्रयत्न आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

(३) सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचें डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय वैद्यानें ओळखिलें. त्याच सालीं ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन हे मुंबईस आले. ओडेसा येथें सन १८६० त जन्मलेल्या या शास्त्रज्ञानें पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत पटकीची लस सिद्ध केली होती, व ती घेऊन ते सन १८९३ त हिंदुस्थानांत आले होते. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस काम करण्यास जागा मिळाली. मांसाच्या रसांत प्लेगाचे जंतु वाढवावयाचे, जंतूंची वाढ लोंबत्या धाग्यांसारखी व्हावी म्हणून त्या रसावर तुपाचे थेंब सोडावयाचे, आणि मग उष्णता देऊन ते जंतु मारावयाचे, अशी त्यांची कृति होती. सन १८९७ च्या जानेवारीच्या १० तारखेस त्यांनीं ही लस स्वतःस टोंचवून घेतली. येथपर्यंतचा अनुभव बाडांतल्या ‘अनुभूत’ या कोटींतलाच होता. लस टोंचून मनुष्य मरत नाहीं एवढें त्यावरून कळलें. ती प्लेग टाळते कीं नाहीं, हें कळलें नव्हतें.

(४) जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तारीख ३० रोजीं दुपारीं, खुशीनें पुढें आलेल्या १५४ कैद्यांस लस टोंचण्यांत आली. बाकीचे तसेच राहिले. तुरुंगाची जागा परीक्षेस कां अनुकूल, हें उघड आहे. सर्वांचें अन्न एक, पाणी एक, काम एक, कोठड्या एका आवारांत. बाहेरच्या शहरांत श्रीमंत व गरीब, माडीवाला व चाळवाला असे जे भेद असतात ते येथें बहुतेक नाहींसे होतात. म्हणजे पुष्कळ उपाधि भिंतींनींच बाहेर ठेविले होते.

साथ शमेपर्यंतचा हिशेब असा : लस न टोंचलेले सुमारें १७०, त्यांपैकीं १२ जणांस प्लेग झाला व ६ मेले. लस टोंचलेले सुमारें १५०. त्यांपैकीं दोघांस प्लेग झाला व कोणीही मेला नाहीं.

(५) संशोधकाच्या डोळ्यानें पाहतां या नोंदींत तीन स्थळें विचारणीय आहेत.

पहिलें असें कीं, टोंचणी झाली त्याच दिवशीं तीन टोंचलेल्या कैद्यांत रोग दिसून आला व ते तिघेही दगावले. त्यांस वरील हिशेबांत धरिलेलें नाहीं. कारण असें दिलें गेलें कीं, रोग त्यांच्या अंगांत आधींच होता व लशीस काम करण्यास अवसर मिळाला नाहीं. कारण पटण्याजोगें आहे. परंतु कोणास गणावयाचें व कोणास वगळावयाचें, हा नियम निकाल दिसण्यापूर्वीं लिहिलेला असावा लागतो. मागाहून केलेली वजाबाकी कितीही प्रामाणिक असली तरी ती शंकेस जागा देते.

दुसरें स्थळ पाठभेदाचें. मागाहूनच्या कित्येक वृत्तांतांत न टोंचलेल्यांपैकीं मृत सहा नसून सात, व टोंचलेले सर्वच्या सर्व वांचले, असें लिहिलेलें आढळतें. त्यांत वरील तीन मृत्यूंचा मागमूसही उरत नाहीं. जी गोष्ट मूळ हिशेबांत एका अटीसह होती, तिची अट नकलांमध्यें गळून पडली. हस्तलिखितांच्या परंपरेंत असें कितीदां घडतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तिसरें स्थळ सर्वांत महत्त्वाचें. गट कोणीं पाडले ? कैद्यांनीं स्वतःच पाडले. जे पुढें आले ते कदाचित् अधिक धीट, अधिक निरोगी असतील. हा उपाधि तुरुंगाच्या भिंतींनींही दूर झाला नाहीं.

(६) याच शंकेचा परिहार करण्याचा यत्न सन १८९८ च्या फेब्रुवारींत बडोद्यापासून कांहीं मैलांवर असलेल्या उंडेरा गांवीं झाला. हा मुलूख गायकवाड सरकारचा. येथें गांवांतील प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करून एका भागास लस टोंचिली व दुसऱ्यास टोंचिली नाहीं. एकाच घरांत, एकाच चुलीवर जेवणारी माणसें दोहों बाजूंस आलीं. एकंदर ५१३ जणांस लस मिळाली व ४३७ जणांस मिळाली नाहीं. त्यानंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला त्यांचा हिशेब असा :

लस न टोंचलेले ६४. त्यांपैकीं रोगी २७, मृत २६.
लस टोंचलेले ७१. त्यांपैकीं रोगी ८, मृत ३.

म्हणजे पहिल्या बाजूस शेंकडा सुमारें ४१ मेले, दुसऱ्या बाजूस शेंकडा सुमारें ४. एवढें मोठें अंतर काकतालीय म्हणून सोडून देतां येणार नाहीं. लशीनें प्लेग सर्वथा टळत नाहीं, हेंही त्याच आकड्यांवरून सिद्ध होतें.

येथेंही एक प्रश्न विचारला पाहिजे. न टोंचलेल्या २७ रोग्यांपैकीं एकच वांचला, आणि टोंचलेल्या ८ रोग्यांपैकीं ५ वांचले, हें कसें ? लशीनें रोगाचें बळ कमी केलें असेल. किंवा टोंचलेल्या माणसाच्या साध्या तापासही परीक्षकानें प्लेग म्हटलें असेल. रोग ओळखणें हें मतावर अवलंबून असतें. मृत्यु मतावर अवलंबून नसतो. म्हणून या नोंदींत मृतांचे आकडे रोग्यांच्या आकड्यांहून अधिक भरंवशाचे समजावे.

(७) सर टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या प्लेग कमिशननें या सर्व प्रयोगांची छाननी केली. लशीमुळें रोगाचें प्रमाण बरेंच घटतें, पण ती पूर्ण संरक्षण देत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. लशीचें बळ ठरविण्याची रीति मात्र सदोष आहे, असाही ठपका त्यांनीं ठेविला.

पुढें सन १९०२ च्या ऑक्टोबरच्या ३० तारखेस पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोंचलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकिन यांजवर बालंट आलें व त्यांस कामावरून दूर व्हावें लागलें. परंतु हे १९ ही जण एकाच बाटलींतून टोंचलेले होते. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोंचलेल्यांस कांहीं झालें नाहीं. ती बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता, असेंही साक्षींत निघालें. दोष प्रयोगशाळेचा कीं गांवांतल्या हाताळणीचा, हा वाद कित्येक वर्षें चालला, व सन १९०७ त हाफकिन दोषमुक्त ठरले. कोणास कोणत्या बाटलींतून टोंचिलें हें कळलें नसतें, तर हा निवाडा झालाच नसता. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस सन १९२५ पासून त्यांचें नांव आहे.

(८) उंडेऱ्यास कुटुंबाचे भाग पाडणारा हात मनुष्याचाच होता. कोणास कोणत्या बाजूस घालावें हें मनुष्य ठरवितो, तोंवर नकळत पक्षपात होण्याचा संभव राहतो. तो हात काढून घेण्याचें श्रेय इंग्लंडांतील क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेस आहे. ही परीक्षा सन १९४८ त प्रसिद्ध झाली, व तिची आंखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें केली होती. तींत १०७ रोगी होते. कोणता रोगी कोणत्या गटांत जाणार हें यदृच्छेनें आलेल्या आकड्यांवरून ठरवून, तें मोहोरबंद लिफाफ्यांत ठेविलेलें असे. रोगी परीक्षेंत घेतल्यावरच लिफाफा फोडावयाचा. ५५ जणांस विश्रांतीसह औषध मिळालें, ५२ जणांस नुसती विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्यांत ४ मेले, दुसऱ्यांत १४. छातीचीं क्ष-किरणचित्रें ज्यांनीं पाहिलीं त्यांस तें चित्र कोणत्या गटांतील रोग्याचें आहे हें सांगितलेलें नव्हतें. उंडेऱ्याच्या नोंदींत रोगनिदानाविषयीं जी शंका आम्हीं वर दाखविली, तिचें हें उत्तर होय.

(९) आतां एका नाजूक गोष्टीविषयीं. उंडेऱ्याचे ते २६ मृत लोक आंकड्यांचे नव्हते, माणसें होतीं. भायखळ्याचा निकाल वर्षापूर्वींच हातीं आला असतां त्यांस लशीवांचून ठेवणें योग्य होतें काय ? स्ट्रेप्टोमायसिनच्या वेळीं औषधच इतकें थोडें होतें कीं तें सर्वांस देणें शक्य नव्हतें. परंतु तेथेंही नुसती विश्रांति मिळालेल्या रोग्यांस आपण तुलनेसाठीं आहों हें सांगितलेलें नव्हतें. आणि भायखळ्याचे कैदी ‘खुशीनें’ पुढें आले, यांतील खुशी कितपत मोकळी समजावी ? सन १९४७ च्या न्यूरेंबर्ग येथील निवाड्यानें व सन १९६४ च्या हेलसिंकी येथील जाहीरनाम्यानें हा प्रश्न जगापुढें ठेविला. आतां परीक्षेपूर्वीं रोग्यास सर्व समजावून त्याची लेखी संमति घ्यावी लागते. आपल्या देशांत अशा परीक्षांची नोंदवही सन २००७ त सुरू झाली, व सन २००९ पासून औषधपरीक्षा आरंभापूर्वींच तींत नोंदविणें आवश्यक झालें. कोणास गणणार, काय मोजणार, हें आधीं लिहून ठेविल्यामुळें भायखळ्याच्या तीन मृत्यूंसारखा वाद मागाहून उपस्थित होण्यास जागा कमी राहते.

(१०) यावरून आमच्या संग्राहक मित्रांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. वैद्यकाचें बाड छापतांना ‘अनुभूत’ हा शब्द जसाच्या तसा छापावा, पण त्याचा अर्थ ‘बाडकर्त्याचा विश्वास होता’ एवढाच द्यावा ; ‘सिद्ध’ असा देऊं नये. त्या शब्दावर विसंबून कोणी आपल्या घरांतील दुखणाईतास तें औषध दिलें व योग्य उपचारांस उशीर झाला, तर त्याचें पाप संपादकाच्याही पदरीं येतें. बाडाचें मोल त्यानें कमी होत नाहीं. परीक्षा करण्याजोगी कल्पना तेथें असूं शकेल. परीक्षा मात्र तेथें नसते.

दुसरी सूचना अशी. प्लेगाचे कागद आजवर मुख्यतः पुण्याच्या रँड प्रकरणाच्या अनुषंगानें चाळले गेले. परंतु लस टोंचल्याचे दाखले, गांवच्या मृत्यूंच्या याद्या, घरांतील कोणी टोंचून घेतलें व कोणी नाहीं याच्या खासगी वह्यांतील नोंदी, असले कागद जुन्या रुमालांत अद्यापि असतील. दिसण्यांत ते क्षुल्लक असतात, म्हणून रद्दींत जातात. असा एखादा कागद आढळल्यास त्यांतील तारीख, गांव, टोंचलेले व न टोंचलेले हे चार रकाने प्रथम उतरून घ्यावे. विशेषतः न टोंचलेल्यांचा रकाना सोडूं नये. त्यावांचून उरलेल्या तिन्ही रकान्यांवरून कांहींच सिद्ध होत नाहीं.