ऑपरेशनआधी ताकद कमवा

कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिली चिंता पैशांची. कागद गोळा होतात, महात्मा फुले योजनेत बसतं का याची चौकशी होते, गटातून अंतर्गत कर्ज घेतलं जातं. या धावपळीत बाई आणखी दोन किलो उतरते. "आजारच तसा आहे," असं म्हणून सगळे गप्प बसतात. पण मैत्रिणींनो, बाई ऑपरेशनातून कशी सावरते हे या उतरण्यावरही ठरतं.

कर्करोगात नुसती चरबी जात नाही, स्नायू झिजतात. भूक मरते हे एक कारण. शिवाय आजारामुळे शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. मिश्रीने तोंडाचा कर्करोग झालेल्या बाईला तर घास चावता येत नाही, त्यामुळे निदान व्हायच्या आधीच ती निम्मी झालेली असते.

प्रथिनांची वेगळी बचत शरीर कुठे ठेवत नाही. जी आहे ती स्नायूंत. ऑपरेशनची जखम भरायला, जंतूंशी लढायला त्याच बचतीतून काढावं लागतं. ती आटलेली असेल तर जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग होतो, दवाखान्यातला मुक्काम वाढतो. छातीचे आणि पोटाचे स्नायू कमजोर असले की खोकून कफ काढता येत नाही आणि न्यूमोनियाची भीती असते. पुढची केमोही सोसत नाही. जाड बाईला हे होत नाही असं समजू नका. चरबीखाली स्नायू झिजलेले वरून दिसत नाहीत. सिटी स्कॅनवर ते डॉक्टरांना दिसू शकतात.

घरी ओळखायचं कसं? मावळातून लोकलने येऊन खडकी स्टेशनात उतरणाऱ्या ताईंनी आठवून बघावं: दोन महिन्यांमागे पूल एका दमात चढत होतात, आता मधेच कठडा धरून थांबता का? दुसरी खूण खुर्चीची. हात न टेकता पाच वेळा उठा-बसा. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 साली यासाठी 12 सेकंदांची मर्यादा धरली. त्याहून जास्त वेळ लागला तर डॉक्टरांना सांगा. सहा महिन्यांत 50 किलोची बाई 45वर आली असेल तर तेही जरूर सांगा.

कर्करोगाच्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 75 ग्रॅम. दोन अंडी, दोन कप दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि तीन भाकरी मिळून साधारण 60 होतात. पातळ आमटी मोजू नका, तिच्यात डाळ शोधावी लागते! चावत नसेल तर अंडं दुधात फेटून शिजवा, शेंगदाण्याचं कूट पेजेत घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं खाऊन भागत नाही, रोज चालायलाही हवं. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर ते पिशवीत ठेवू नका, सांगितल्याप्रमाणे वापरा.

ताकद यावी म्हणून ऑपरेशनची तारीख मात्र स्वतः पुढे ढकलू नका, ते डॉक्टर ठरवतील. हाताशी दोन-तीन आठवडे असले तरी तेवढ्यात सुरुवात करता येते.

आता आपल्या घरची गोष्ट. बाई आजारी असली तरी सगळ्यांचं झाल्यावरच जेवते, आणि अंडं मुलाच्या ताटात जातं. आजारपणासाठी कर्ज देताना आपण प्रवास आणि औषधं धरतो, खुराक धरत नाही. येत्या बैठकीत हा विषय घ्या: महिनाभराच्या अंडी-दुधाचा खर्च त्याच कर्जात धरायचा, आणि ते ताईच्या ताटात पडतंय का हे शेजारच्या सदस्याने जाऊन बघायचं.